डाव्या कानात ती, उजव्या कानात गिटार

मला वाकडं बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरपं झालं तर मी ताटावरून उठून ते सरळ करतो. पाहुण्यांच्या खोलीतली चादर एका बाजूला हातभर आणि दुसऱ्या बाजूला वीतभर लोंबत असली तर मला चहासुद्धा गोड लागत नाही. बायको म्हणते, "तुमास्नी गवंडीच करायला पायजे हुतं. उगंच शेतकरी झालासा." तिचं म्हणणं चुकीचं नाही. घर बांधताना गवंड्याकडची लेव्हलची पट्टी मी मागून घेतली होती, ती अजून माझ्याकडेच आहे. ही खोड आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात तिचा हात मोठा आहे.

आमचं घर गुंदला, जोयड्याच्या जंगलातल्या गावात. पुढं भात, मागं सुपारीची बाग, आणि बागेच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. हुबळी, बेळगाव, गोव्याकडून लोक येतात, सकाळी दुर्बिणी घेऊन धनेश पक्षी शोधतात आणि संध्याकाळी शेकोटीभोवती बसतात. शेकोटीभोवती बसलं की माणसाला गाणं लागतं. त्यांच्यातलं कोणी गात नसेल तर ते माझ्याकडं बघतात. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी मोबाइलवर बघून गिटार शिकलो. बोटांना घट्टे आधीपासून होतेच, त्यामुळं तारांचा त्रास झाला नाही. डोक्याला झाला.

पुढं मला वाटायला लागलं की आपली गाणी आपल्या होमस्टेच्या पानावर टाकावीत. माइक मागवला, हेडफोन मागवला आणि रेकॉर्डिंगची एक डबी मागवली. कुरिअरवाले गुंदपर्यंत येत नाहीत, तेव्हा सगळं जोयड्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं. डबी साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. तिला पुढं दोन भोकं, एकात माइकची वायर, दुसऱ्यात गिटारची. मागून एक वायर लॅपटॉपला जाते. बाजूला हेडफोनचं एक भोक. एकच. म्हणजे एका वेळी एकाच माणसाला ऐकू येणार. मी एकटाच गाणार होतो, त्यामुळं मला ती अडचण वाटली नाही.

जागा मात्र शोधावी लागली. पाहुण्यांच्या खोलीत आवाज घुमतो, पडवीत कोंबड्या, माजघरात मिक्सर. शेवटी भाताची खोली सापडली. पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागली की त्या खोलीत बोललेलं पोतीच गिळून टाकतात, काही परत येत नाही. तिथं बसून मी आधी गिटार वाजवायचो आणि मग ती कानात ऐकत त्यावर गायचो. एका वेळी एकच काम. बायको दारातून डोकावून म्हणायची, "झालं का तुमचं उंदरास्नी गानं म्हनून?"

तिच्या गळ्याला गाठ दिसायला लागली ती भात कापणीच्या आसपास. आधी तिनं ती मंगळसूत्राखाली झाकली, मग पदराखाली. आडवं पडल्यावर श्वास कोंडायला लागला तेव्हा बेळगावला नेली. डॉक्टर थोडं कन्नड, थोडं मराठी बोलणारे, शांत माणूस. म्हणाले, गळ्यातली ग्रंथी वाढून श्वासनलिकेवर दाबते आहे, काढावी लागेल, फार दिवस थांबू नका. मग म्हणाले, आवाजाची शीर ह्या ग्रंथीच्या मागूनच जाते. आम्ही सांभाळतोच. तरी काही दिवस आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो.

"आन उरलेल्यांचा?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, "थोड्या जणांचा येत नाही."

परतताना ती बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. रामनगर आलं तेव्हा मी विचारलं, उतरून वैनींना भेटायचं का? तिनं मान हलवून नको म्हटलं.

वैनी म्हणजे माझी भावजय, हिची थोरली जाऊ; ही त्यांना अक्का म्हणते. आमचं घर एकत्र होतं तोपर्यंत दोघी एकाच चुलीवर रांधत होत्या. पुढं दादा वारला, पुतण्यानं रामनगरला दुकान टाकलं आणि वैनी त्याच्याकडं गेल्या. जाताना भांडण वगैरे काही नव्हतं. पण दोघींची जी जोडी होती ती मोडली, आणि ती जोडी साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती, हळदीच्या गाण्यांमुळं.

आमच्याकडं हळदीची गाणी दोन बाजूंनी म्हणतात. नवरीकडं तोंड करून बायका बसतात, अर्ध्या डावीकडं, अर्ध्या उजवीकडं. डावीकडची बाई ओळ टाकते. उजवीकडची ती झेलते, म्हणजे तीच ओळ थोडी फिरवून म्हणते आणि शेवटी एक लांब ओढ देते. ओढ संपत आली की डावीकडून पुढची ओळ येते. माझी बायको ओळ टाकणारी. वैनी झेलणाऱ्या. लग्न कोणाचंही असो, ह्या दोघींना बोलावणं असायचं, आणि दोघींच्या जागा कधी बदलल्या नाहीत. मी मांडवात मागं पाटावर बसून पानसुपारी खात ते ऐकलेलं आहे. नीट ऐकलेलं होतं असं मात्र आता म्हणवत नाही.

आणि नेमकं वैनींच्या नातीचं लग्न ठरलं होतं. आमच्याच घरात जन्मलेली, बायकोच्या मांडीवर वाढलेली पोर. मुहूर्त ऑपरेशननंतर काही आठवड्यांचा. ऑपरेशन पुढं ढकलावं तर डॉक्टर नाही म्हणाले, लग्न पुढं ढकलावं असं कोण म्हणणार? बायकोनं रामनगरला काही कळवू दिलं नाही. "लगीनघर हाय. तिथं ही बातमी कशाला? अक्का रडत बसंल." आणि एक दिवस भांडी घासता घासता मला म्हणाली, "पोरीच्या हळदीला मीच म्हननार. माझा गळा न्हाई चालला, तर तुमच्या त्या डबीत आधीच भरून ठेवा."

मी पाणी भरत होतो. कळशी वाहायला लागली तरी मला कळलं नाही.

तर अशी ती भाताच्या खोलीत आली. खाली पाट मांडून तिला बसवली, समोर माइक उभा केला, पदरावरून हेडफोन घातला. मी एका पोत्यावर गिटार घेऊन बसलो. ह्या वेळी गाणं आणि गिटार एकदमच करायचं होतं, कारण आधी वाजवून ठेवलेल्या गिटारवर गायला तिला जमेना. "ती माझ्यासाठी थांबत न्हाई," म्हणाली. हे बरोबर होतं. पण मी कधी दोन्ही वायरी एकाच वेळी वापरल्या नव्हत्या.

तिनं पहिली ओळ म्हटली. मिरीची वेल आईला विचारते, आता मी कुठल्या झाडावर चढू, असं ते गाणं आहे. ओळ झाली आणि ती थांबली. मला वाटलं श्वास घेते आहे. मी तारा छेडत राहिलो. ती थांबलेलीच. मान थोडी उजवीकडं कललेली.

"थांबलीस का?"

"तुमी झेला की."

"पुढची ओळ म्हण ना."

"दुसऱ्या बाजूचं झाल्याबिगर कशी म्हनू?"

"मग तेही तूच म्हण. तुला येतंय की."

"येतंय, पर ती माझी ओळ न्हाई," ती म्हणाली, आणि असं म्हणाली, जणू मी दुसऱ्याच्या शेतातून पाणी घे असं सुचवलं होतं.

इतकी वर्षं मी जी गाणी ऐकली त्यातलं निम्मंच तिचं होतं, हे मला त्या पोत्यावर बसून समजलं. ती शेतात गुणगुणते तेव्हासुद्धा एक ओळ म्हणते आणि मग गप्प राहून खुरपं चालवते. मला वाटायचं, कामात लक्ष आहे. खरं तर त्या वेळात दुसरी बाजू मनातल्या मनात होऊन जात असे. मग मी गिटारवर तीच ओळ वाजवली. ओढ काही मला जमली नाही, तार कितीही दाबली तरी आवाज लवकर मरतो. पण तिनं मान डोलावली आणि पुढची ओळ टाकली. गाणं शेवटपर्यंत गेलं.

मी खुशीत तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि भरलेलं गाणं पहिल्यापासून लावलं. आणि माझं डोकंच फिरलं. तिचा सगळा आवाज डाव्या कानात. गिटार सगळी उजव्या कानात. मधे काहीच नाही. ती गात होती तेव्हा उजवा कान पूर्ण मुका, मी वाजवत होतो तेव्हा डावा. एका खांद्यावर पोतं घेऊन चालल्यासारखं वाटलं.

"असं ऐकू येत होतं तुला?"

"कसं?"

"एकेका कानात."

"व्हय. मग?"

तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला मात्र जेवण गेलं नाही.

पुढचे काही दिवस मी त्या बिघाडाच्या मागं लागलो. हेडफोनची पिन अर्धवट बसली असेल म्हणून काढून घातली. हेडफोन मोबाइलला लावून बघितला, तिथं दोन्ही कान ठीक. मग हेडफोन उलटा घातला, तर आवाज उजवीकडं आणि गिटार डावीकडं गेली. म्हणजे हेडफोन निर्दोष, खोट डबीत. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. मागं जांभळे निळे दिवे लावून बसलेली मुलं फार भराभर बोलतात, आणि आमच्याकडं रेंज बागेच्या वरच्या टोकालाच येते. तिथं उभं राहून ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि खाली येऊन करून बघायचं.

एकानं सांगितलं, डबीतून थेट ऐकूच नका, लॅपटॉपमधून फिरवून ऐका. तसं केलं. दोन्ही आवाज मधे आले खरे, पण उशिरा. बायकोनं कानाला लावून दोन शब्द म्हटले आणि हेडफोन ओढून काढला. "कोन वेडावायलंय मला?" मी समजावलं की तुझाच आवाज आहे, आत जाऊन बाहेर यायला जरा वेळ लागतो. ती म्हणाली, "माझा आवाज माझ्याच घरात यायला येळ का लागावा?" मग ते बंद केलं.

शेवटी ते कळलं. डबीवर एक इवलंसं बटण होतं. एरवी डबी पहिलं भोक डाव्या कानाला आणि दुसरं उजव्या कानाला देते. बटण दाबलं की दोन्ही मिसळून दोन्ही कानांना सारखं देते. बस, एवढंच. लॅपटॉपमध्ये जे भरलं जातं त्यात दोन्ही बाजू वेगळ्याच राहतात, त्या नंतर हव्या तशा मधे आणता येतात. बटण फक्त ऐकण्यापुरतं. मी ते दाबलं, माइकवर टिचकी मारली, तार छेडली. दोन्ही डोक्याच्या बरोब्बर मधे. लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन थांबावा तसं वाटलं. मी एकटाच त्या पोत्यांमधे बसून हसलो.

दुसऱ्या दिवशी तिला मोठ्या ऐटीत बसवली. "आता बघ कसं बरोबर येतंय." ती बसली. पहिली ओळ म्हटली. मी झेलली. दुसऱ्या ओळीला तिचा सूर चढला. तिसऱ्या ओळीला ती शब्द विसरली. मी म्हटलं, पुन्हा घे. पुन्हा तेच. गिटारचा आवाज कमी केला, तर ती ओरडायला लागली. वाढवला, तर तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली. तिचाच आवाज तिला जास्त दिला, तर सूर खाली बसला. मी डबीच्या चाव्या अशा फिरवत होतो, तशा फिरवत होतो आणि दर वेळी कानाला लावून बघत होतो. माझ्या कानाला सगळं नीट होतं. गात होती ती बाई मात्र माझ्या ओळखीची नव्हती.

आणि मी घाबरलो. हे मी तिला बोललो नाही. मला वाटलं गाठीनं आधीच काम केलं, ऑपरेशनची वाटसुद्धा पाहिली नाही. तिलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं हात गळ्यावर नेला आणि तिथंच ठेवला.  बाहेर पत्र्यावर वानर उडी मारून गेले तेव्हा ती उठली आणि स्वयंपाकाला लागली.

जेवताना मी तिला धीर देण्यासाठी म्हटलं, आता आवाज दोन्ही कानांत सारखा केलाय, सवय झाली की जमेल, मोठमोठे गाणारे असंच ऐकतात. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली.

"आदी बरं हुतं," ती म्हणाली. "आदी मी माझ्या जागंवर हुते. अक्का उजव्या अंगाला हुती. आता तुमी दोघींस्नी एकावर एक बशिवलासा. मी कुठली आन ती कुठली, कळंना झालंय."

मी घास तसाच धरून बसलो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतके दिवस धडपड करून सरळ केलेली गोष्ट ही बाई परत वाकडी करायला सांगत होती. पण रागाच्या खाली दुसरंही काही होतं. तिचा आवाज गेला नव्हता. मीच तिच्या शेजारची जागा काढून घेतली होती. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की आमटी परत मागून घेतली.

सकाळी मी बटण परत सोडलं. तिनं हेडफोन घातला, मी तारा छेडल्या. उजव्या कानात काहीतरी आहे हे कळल्याबरोबर तिची मान मांडवात कलायची तशी उजवीकडं कलली, आणि तिनं ओळ टाकली. एकदाही सूर चढला नाही. मिरीच्या वेलीचं गाणं झालं, तेल चढवायचं झालं, मामाच्या वाटेकडं बघायचं झालं. मधे कुकर झाला म्हणून थांबलो, मधे वनखात्याची जीप घरापुढनं गेली, तिची घरघर एका गाण्यात तशीच राहिली. मी दर ओळ झेलत गेलो, ओढ न देता. डोळे मिटून ती कोणाबरोबर गात होती ते मला माहीत होतं, आणि तो मी नव्हतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तरी खोड गेली नाही. ऑपरेशनला जायच्या आधी मी लॅपटॉपवर त्याच गाण्यांची दुसरी प्रत केली. आवाज आणि गिटार बरोब्बर मधे आणून, दोन्ही कानांना सारखी. मांडवात लावायची तर ही नीटनेटकी लावू, असं ठरवलं. दोन्ही प्रती पेन ड्राइव्हमध्ये घातल्या.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं, आणि तो शब्द तिच्या तोंडून आला तेव्हा मी मागं वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं काय म्हणून. घोगरा, फाटलेला, वाऱ्यासारखा आवाज. डॉक्टर म्हणाले, थांबा, महिने लागतात, ताण देऊ नका. आम्ही थांबलो. घरी ती खुणांनी बोलायची, मला बोलवायचं असेल तर पळीनं तपेलं वाजवायची. मी एकदा लॅपटॉप उघडून तिचं गाणं लावलं. तिनं हातानंच बंद करा म्हणून सांगितलं आणि गोठ्याकडं निघून गेली. तेव्हा मला रडू आलं. मी लॅपटॉप मिटला आणि पाहुण्यांच्या चादरी सारख्या करायला गेलो.

हळदीच्या दिवशी रामनगरला पोचलो तेव्हा वैनी ओसरीवर उभ्या होत्या. ऑपरेशनचं त्यांना तोवर कुठून तरी कळलं होतं. बायकोला त्यांनी जवळ घेतलं, गळ्यावरची खूण बोटानं चाचपली, आणि मग माझ्याकडं वळल्या. "भावजी, मला परकी केलासा व्हय?"  बायको माझ्या वतीनं काहीतरी बोलायला गेली आणि तिचा तो आवाज ऐकून वैनींचं तोंड एवढंसं झालं.

मांडवात दोन्ही अंगांना स्पीकरचे दोन उंच बॉक्स लावले होते, संध्याकाळच्या नाचासाठी. नवरी पाटावर बसली. बायका जमल्या, डावीकडं काही, उजवीकडं काही. वैनी गुडघा सांभाळत उजवीकडं बसल्या. बायको मागच्या ओळीत बसली, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून. हळद लागायला सुरुवात झाली तरी गाणं काही निघेना. तरण्या बायकांना अर्धे शब्द येतात, त्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. नवरीनं मान वळवून मागं माझ्या बायकोकडं बघितलं, आणि मी पेन ड्राइव्ह साउंडवाल्याला दिला.

त्यानं त्यातली पहिली प्रत लावली. न सुधारलेली.

डाव्या बॉक्समधून मिरीची वेल आली. तिचा आवाज, भरलेला, स्वच्छ, जसा कित्येक मांडवांत होता तसा. बायका गप्प झाल्या. उजवा बॉक्स मुका. ओळ संपली आणि उजव्या बॉक्समधून माझी गिटार वाजली, डाव्यात काही नाही. साउंडवाला माझ्याकडं धावत आला. "काका, एका बॉक्सात आवाजच येईना. वायर गेलीय वाटतं. थांबवून नीट करू काय?"

"दुसरी प्रत आहे," मी म्हणालो. "ती—"

तोवर दुसरी ओळ संपत आली होती. वैनी उठल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि उजव्या बॉक्सपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि ओळ संपताक्षणी त्यांनी ती झेलली. माझी गिटार त्यांच्या आवाजाखाली कुठल्या कुठं गेली. शेवटची ओढ त्यांनी दिली, लांब, जशी द्यायची तशी, आणि ती संपत आली तेव्हा डावीकडून पुढची ओळ बरोबर वेळेवर आली. मी भाताच्या खोलीत मधे सोडलेली जागा त्यांना पुरली.

"दुसरी लावू काय काका?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे. ते तसंच हाय."

तो मान हलवत गेला. मी बायकोकडं बघितलं. ती डाव्या बॉक्सकडं बघत होती. तिथं तिची नेहमीची जागा रिकामी होती, कोणी बसलं नव्हतं, आणि तिचा आवाज तिथूनच येत होता. ती उठली. मला वाटलं घरात जाईल. ती नवरीपुढून वाकून गेली, हळदीच्या वाट्या ओलांडून, आणि उजवीकडं वैनींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वैनींनी न थांबता तिला जागा करून दिली.

डावीकडून ओळ आली, तिचीच. ती ऐकताना तिनं मान डावीकडं कलवली. ओळ संपली, डावा बॉक्स गप्प झाला, आणि वैनींच्या आवाजाच्या खाली मला तो घोगरा, फाटका आवाज ऐकू आला. ती झेलत होती. आयुष्यात पहिल्यांदा. सूर बरोबर होता, पण ओढीला ती लवकर थांबली. ती बाजू तिची कधी नव्हती, तिला ओढ कुठवर न्यायची ते ठाऊक नव्हतं. वैनींनी तिचा हात धरला, पुढच्या ओळीला ओढ सुरू झाली तशी तो दाबून धरला आणि संपल्यावर सोडला. त्याच्या पुढच्या ओळीला तिला ती ओढ आली.